चुंबळ

सकाळी काही नसायचं.
दुपारच्या डब्यानंतर जड वाटायचं,
आणि पाच वाजता उकिडवं बसलं की लागायचं
मऊ, उकडलेल्या अंड्याएवढं काहीतरी
माझंच, आणि माझ्या बाहेर.

द्राक्षांचं बरं होतं मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये.
घडाला कागद, कागदाला खोका,
मणी गळू नये म्हणून थंड खोली.
क्रेट वीस किलोचा. मी बावन्न वर्षांची.
चार बाळंतपणं, त्यातलं एक बांधावर.
शिंक आली की मांडी मांडीला आवळायची,
एवढंच औषध ठाऊक होतं.

त्र्यंबक नाक्याला उतरले. सिव्हिलला गेले.
सिस्टरनं हाक मारली: कौतिक भास्कर गांगुर्डे!
अख्खी रांग वळली, असं वाटलं मला.
डॉक्टरीण पोरसवदा. म्हणाली, आजी, जोरात खोका.
खोकले.
ज्याच्यावर मी आठ वर्षं पदर ओढला
ते तिनं बॅटरी लावून पाहिलं
आणि तोंड वाकडं केलं नाही.

माय अंग खाली आलंय, म्हणाली. तिसरी पायरी.
पायरी म्हटल्यावर मला घाटच दिसला.
विचारलं, म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
ती हसली. नाशिकचीच होती.
गुडघ्याला की छातीला, नीट सांगितलं तिनं,
फक्त हा पूर उलटा, वरून खाली.

मग ट्रेमधून काढली रिंग.
बोटात दुमडते, सोडली की गोल होते.
मी ओळखलं तिला.
आई जुन्या लुगड्याची पिळून करायची तशी चुंबळ.
डोक्यावर तीन हंडे, आणि मधे ती,
म्हणून मान टिकली आईची.
माझ्या पोटातल्या हंड्यांना
कुणी चुंबळच दिली नव्हती इतकी वर्षं.

पंचवटीत गायधनी वैद्यबाईंकडेही गेले, लपून नाही,
डॉक्टरणीला सांगून.
मला वाटलं होतं तेलानं चढेल वर.
बाई म्हणाल्या, तेल काही दोर नव्हे, बये.
कोरडं, चरचरतं ते निवेल पिचूनं,
पण आधी हे तेल तिला दाखव, रिंगेसोबत चालतं का विचार.
शौचाला कुंथू नकोस. रात्री कोमट पाण्यात तूप घे.
आणि आवळ, सोड, आवळ, सोड,
लघवी अडवताना जे आवळतं तेच.
तेच तिथं सिव्हिलच्या भिंतीवरही चिकटवलेलं होतं,
दुसऱ्या नावानं.

ऑपरेशन?
पावसाळ्यानंतर बघू, डॉक्टरीण म्हणाली.
पावसाळ्यानंतर छाटणी असते.
मी मान हलवली. तिनंही ओळखलं असावं.

सासूची ट्रंक आठवली परतीच्या बसमध्ये.
ती गेल्यावर उघडली होती मी.
तळाशी सुती लंगोट, सात,
धुऊन, घडी घालून, गाठींपाशी विरलेले.
म्हातारपणी हे काय खूळ, म्हटलं होतं मी जावेला,
आणि हसलो होतो दोघी.
त्यांची फडकी केली मी. गॅसची शेगडी पुसली.

बस गंगापूर रोडला अडली होती बराच वेळ.
ठकूबाई, म्हटलं मनात,
आणि पुढं काय म्हणायचं ते सुचेना.

आता तीन महिन्यांनी जाते. रिंग काढतात, धुतात, घालतात.
घड उचलताना आवळते, खोक्यात ठेवताना सोडते,
सुपरवायझरला वाटतं बाई देवाचं नाव घेते.
संध्याकाळी अजून जड होतं कधी कधी.
नाही असं नाही.

परवा शेवंता, पाच महिन्यांची बाळंतीण,
एकटीच क्रेट ओढत होती पोटाशी.
मी दुसरी बाजू धरली.
श्वास सोड, म्हटलं, मग उचल.
का गं मावशी?
डबा खाताना सांगते, म्हटलं,
आणि आवाज खाली केला नाही.